पकडली, बाई

वृषाली शेटे वर्गात मुद्दाम चुकायची. विज्ञानाची शिक्षिका, पगार घेते मुलांना बरोबर शिकवण्याचा आणि रोज एक तरी गोष्ट बिनदिक्कत चुकीची सांगते, अशी तिची तासगावात ख्याती होती. वटवाघूळ अंडी घालतं, लोखंड गंजलं की हलकं होतं, असं काहीतरी ती अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगून टाकायची आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढे शिकवत राहायची. मग कुठल्यातरी बाकावरून आरोळी उठायची, "पकडली, बाई!" चूक पकडणाऱ्याला एक बेदाणा मिळायचा. एकच. तासगावात बेदाण्यांना काय तोटा, घरोघरी पोत्यानं पडलेले असतात. पण बाईंच्या हातचा तो एक बेदाणा मिळावा म्हणून मुलं कान टवकारून बसायची.

या खेळाचा नियम तिनं इतक्या वर्षांत कधी मोडला नव्हता. चूक आपण होऊन सांगायची नाही. कुणी पकडली नाही तर ती खुशाल मुलांबरोबर घरी जाऊ द्यायची. जेवताना, दात घासताना, सायकल चालवताना कुणाच्या तरी डोक्यात ती खटकणारच आणि दुसऱ्या दिवशी ते पोर धावत येणारच. नवे शिक्षक विचारायचे, "आणि नाहीच आलं कुणी तर?" वृषाली म्हणायची, "येतं. अजून तरी असं झालं नाही."

खेळात सगळ्यांत तरबेज होती तिची स्वतःचीच मुलगी, ऋजुता. पोरगी तीन-चार वर्षांची असल्यापासून घरात हे चालू होतं. वृषाली साखरेचा डबा पुढे करून म्हणायची, "हे बघ मीठ," आणि ऋजुता बोट बुडवून, चाखून, इवलासा तळवा पुढे करायची. पुढे ती आईच्याच शाळेत आली, नववीत तर आईच्याच वर्गात. तेव्हापासून घरात आणि शाळेत एक रीत ठरून गेली. फाटकाच्या आत पाऊल टाकलं की आईची बाई व्हायची आणि फाटकाबाहेर पडलं की बाईची पुन्हा आई. ऋजुता त्यात कधी चुकली नाही. मधल्या सुट्टीत डबा मागतानासुद्धा ती म्हणायची, "बाई, माझा डबा तुमच्या पिशवीत राहिलाय."

त्याच वर्षी शाळेत पट्टे आले.

कंपनीनं त्याला लांबलचक नाव दिलं होतं, पण सगळे पट्टाच म्हणायचे. कपाळावरून कानामागे जाणारी रबरी पट्टी आणि मध्ये हरभऱ्याएवढा दिवा. सांगलीच्या प्रशिक्षणात त्यामागचं विज्ञान सोपं करून सांगितलं होतं. आपण काही शिकतो तेव्हा मेंदूतल्या पेशींमध्ये नवे जोड तयार होतात. सुरुवातीला ते ओल्या स्लॅबसारखे कच्चे असतात. टिकायचे ते टिकतात, बाकीचे विरून जातात आणि आपण म्हणतो, विसरलो. पण काही पेशींभोवती प्रथिनांची आणि शर्करेच्या रेणूंची एक बारीक जाळी विणली जाते. ती घट्ट झाली की जोड पक्का होतो. लहानपणी कानावर पडलेली भाषा म्हातारपणी जात नाही ती त्यामुळे. पट्टा नेमकं हेच काम भराभर करून घ्यायचा. तासाभरात जे जोड नुकतेच जागे झालेत, तेवढ्यांच्याच भोवती सौम्य विद्युतलहरींनी जाळी विणायची. तास संपताना कपाळावरचा दिवा हिरवा झाला की धडा बसला, तो जन्मभरासाठी.

धडे कंपनीच लिहून पाठवायची. शिक्षकानं ते फक्त वाचायचे. मग शिक्षक तरी कशाला हवा, असं वृषालीनं विचारलं होतं. उत्तर मिळालं की मेंदूला ओळखीचा, विश्वासातला आवाज लागतो. यंत्राच्या आवाजात जाळी नीट धरत नाही.

सहामाहीचा निकाल असा लागला की सगळे चक्रावले. नापास होणं सोडाच, एकाचाही एक गुण कापला गेला नाही. शिकवण्या बंद पडल्या. संध्याकाळी मैदानं भरू लागली. पालक शिक्षकांना पेढे आणून देऊ लागले. सगळेच पैकीच्या पैकी मिळवायला लागल्यावर लेखी परीक्षेत काही राम उरला नाही, म्हणून मंडळानं ती गुंडाळली आणि प्रात्यक्षिक आणलं. सूचना नाहीत, पुस्तक नाही, समोर खरीखुरी रसायनं. डोक्यात जे बसलंय ते हातातून येतं का, एवढंच बघायचं.

वृषालीला वाईट वाटावं असं यात काही नव्हतं. तरी तिला करमेना. महिनोन्‌महिने ती छापील धडे वाचत होती आणि "पकडली, बाई" ही आरोळी काही तिच्या कानावर पडली नव्हती. बेदाण्यांची डबी टेबलाच्या खणात तशीच होती.

जानेवारीत आम्लांचा धडा आला. मुलं पट्टे लावून बसली होती. वृषालीनं कागद बाजूला ठेवला आणि मनाशी म्हणाली, एकदा होऊन जाऊ दे.

"संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करायचं असेल," ती नेहमीच्या गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "तर आधी चंचुपात्रात आम्ल घ्यायचं आणि मग त्यात पाणी ओतायचं."

ही चूक तिनं मुद्दाम ढोबळ निवडली होती. आठवीत, पट्टे यायच्या आधी, ही मुलं उलट नियम घोकून आली होती. आम्ल हळूहळू पाण्यात सोडायचं. पाणी आम्लात ओतलं तर इतकी उष्णता निर्माण होते की ते जागच्या जागी उकळून तोंडावर उडतं. विज्ञानाच्या वाटेला गेलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं.

ती थांबली. कुणी काही बोललं नाही. चाळीस चेहरे तिच्याकडे बघत होते, शांत, लक्ष देऊन. तिसऱ्या बाकावर ऋजुता बसली होती. तिच्याही डोळ्यांत काही चमकलं नाही. वृषालीनं वाक्य पुन्हा एकदा म्हटलं, जरा ठासून, म्हणजे तरी कुणाला खटकेल. मग घंटा झाली आणि सगळ्यांच्या कपाळांवर हिरवे दिवे लागले.

तिला थोडं हसूच आलं. लबाड आहेत, उद्या येतील बेदाणा मागायला.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. "काल काही खटकलं का रे कुणाला?" तिनं विचारलं. "नाही, बाई," सगळे म्हणाले.

घरी ती पोळ्या लाटत होती आणि ऋजुता ओट्याशी उभी राहून काकडी खात होती.

"ऋजू, ॲसिड विरल कसं करतात गं?"

"ॲसिड घ्यायचं, त्यात पाणी ओतायचं."

"ओतल्यावर काय होतं?"

"विरल होतं."

"उकळून अंगावर नाही उडत?"

ऋजुतानं क्षणभर विचार केला. "उडतं की. आठवीत होतं आपल्याला."

"मग?"

"मग काय? करायचं तसंच," ती म्हणाली आणि काकडीचा पुढचा तुकडा उचलला.

वृषालीच्या हातातलं लाटणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिनं आयुष्यात पहिल्यांदा आपला नियम मोडला. पट्टे काढायला लावले, फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं की मी चुकीचं सांगितलं होतं, आकृत्या काढल्या, कारणं समजावली. मुलांनी माना डोलावल्या. प्रश्न विचारला तेव्हा सगळ्यांनी बरोबर उत्तर लिहिलं. तिचा जीव भांड्यात पडला, पण पुरता नाही. म्हणून तिनं प्रयोगशाळेतल्या दोन रिकाम्या बाटल्यांत साधं पाणी भरलं, एकीवर 'आम्ल' आणि दुसरीवर 'पाणी' अशी चिठ्ठी चिकटवली आणि एकेकाला बोलावून सांगितलं, विरल करून दाखव.

पहिल्या मुलानं 'आम्ल' चंचुपात्रात घेतलं आणि त्यात 'पाणी' ओतलं. दुसऱ्यानं तेच केलं. तिसरीनं तोंडानं नियम बरोबर म्हणून दाखवला आणि म्हणता म्हणता हातानं उलट केलं. ऋजुताचा नंबर शेवटी आला. तिनं फार सफाईनं केलं, एक थेंब बाहेर न सांडता. पात्रावर वाकून, चेहरा अगदी जवळ नेऊन.

मुख्याध्यापक दळवी सरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला आलेला होता.

"लेखी बरोबर लिहितायत ना?"

"सर, ॲसिड काय लेखी ओतायचंय का?"

"तसं नव्हे हो, बाई. प्रात्यक्षिक आलंय तोंडावर. विरलीकरण सगळ्यांना सक्तीचं आहे, बाहेरचे परीक्षक येणार, शिक्षणाधिकारी येणार, कंपनीची माणसं येणार. आणि आपण आत्ता सांगायचं की आमच्या बाईंनी उलटं शिकवलं? मुद्दाम?" त्यांनी आवाज खाली आणला. "चष्मे देऊ की सगळ्यांना. जाड बघून."

"चष्म्यानं डोळे वाचतील. तोंडाचं काय? हातांचं काय?"

सरांपुढे एक परिपत्रक पडलं होतं आणि ते त्याच्या घड्या सरळ करत राहिले. जूनपासून मूल्यशिक्षणाचा तासही पट्टे लावून घ्यावा आणि सोबतचा मजकूर शिक्षकांनी जसाच्या तसा वाचावा, असं त्यात होतं. मजकूर अजून यायचा होता.

पट्ट्यांची देखभाल करायला कंपनीचा इरफान मुजावर दर शनिवारी मिरजेहून यायचा. तो वृषालीचाच जुना विद्यार्थी. बेदाणे खाल्लेला. त्यानं प्रयोगशाळेचं दार लोटून घेतलं आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"बाई, तुम्ही हे मला आधी विचारायला पाहिजे होतं."

"काय विचारायला पाहिजे होतं? मुलं चूक पकडतील का, हे? तू नव्हतास का पकडत?"

"मी पट्टा लावून नव्हतो बसत." इरफाननं एक पट्टी हातात घेतली आणि दिव्यावर बोट ठेवलं. "असं बघा. आपण काही चुकीचं ऐकलं की मेंदूत एक झटका उठतो. क्षणाचासुद्धा नाही, त्याहून कमी. आपल्याला वाटतं, काहीतरी खटकलं. तो झटका काय करतो, तर जाळी सैल करतो. म्हणून तर माणूस जुनं चुकीचं टाकून नवं बरोबर घेऊ शकतो. पण विसरणंही त्याच दारानं आत येतं. कंपनीला विसरणं बंद करायचं होतं. म्हणून पट्टा तो झटकाच दाबतो."

"म्हणजे शंका येऊच देत नाही."

"तास चालू असेपर्यंत नाही. पट्टा काढला की येते परत. पण एकदा जाळी बसली त्या जागेवर नाही. तिथं तुम्ही काही सांगा, वरवर राहणार. घाईत, घाबरल्यावर हात जुन्याचंच ऐकणार."

"उघडता येत नाही ती जाळी?"

"संशोधन चालू आहे म्हणतात." इरफान खाली बघून बोलत होता. "पाच वर्षं झाली तेच म्हणतायत."

वृषाली उठून खिडकीशी गेली. मैदानावर मुलं खो-खो खेळत होती. ऋजुता खांबाशी उभी राहून ओरडत होती. तिच्या गालावर लहानपणी पडल्याची एक पुसटशी खूण होती. वृषालीला ती इथून दिसत नव्हती, पण ती कुठे आहे हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं.

"इरफान, त्या वाक्याबरोबर ते कुणी सांगितलं हेही बसलंय ना?"

"बसलंय. तुमच्या आवाजासकट बसलंय. म्हणून तर पक्कं आहे."

"मग आवाजच खोटा पाडला तर?"

इरफाननं हातातली पट्टी टेबलावर ठेवली.

"त्या जागेवर नवं काही बसत नाही म्हणालास. पण मोकळ्या जागेवर बसतं. माझ्याबद्दल आजवर पट्ट्यातून कुणी काही सांगितलेलं नाही. ती जागा मोकळी आहे."

"असं कुणी केलेलं नाही, बाई. आणि केलंत तर 'कधीकधी' आणि 'कदाचित' असले शब्द चालणार नाहीत. त्यांवर जाळी धरत नाही. सरळ वाक्य लागतं." तो घुटमळला. "ऋजुता त्याच वर्गात आहे. तिला त्या तासाला घरी ठेवा. प्रात्यक्षिकालाही."

"आणि कॉलेजात गेल्यावर? तिला केमिस्ट्री करायचीय. तेव्हा मी कुठे कुठे उभी राहणार तिच्यामागे?" वृषाली खिडकीतून मागे वळली. "शाळेत मी तिची बाई आहे. घरी आई आहे. ती कधी गल्लत करत नाही. बाईवरचा विश्वास गेला तर जाऊ दे."

"पट्ट्याला ते कळेल का, हे मला नाही सांगता येणार."

सोमवारी तिनं मुलांना पट्टे लावायला सांगितले. कंपनीचा धडा उघडला नाही. सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि ऋजुताकडे मुद्दाम बघितलं नाही.

"शेटेबाई खोटं सांगतात," ती म्हणाली. स्वतःचं नाव घेऊन बोलताना आवाज कापला. तिनं घसा साफ केला, कारण आवाज कापून चालणार नव्हतं. "शेटेबाई सांगतात ते खरं नसतं. हा आवाज सांगतो म्हणून काही करू नका. आधी दुसऱ्या कुणाला विचारा."

असंच ती तासभर बोलत राहिली, वेगवेगळ्या शब्दांत, सरळ वाक्यांत. खोटारडी, फसवी, बेभरवशाची. एवढ्या वर्षांत कुणी तिला जे म्हटलं नव्हतं ते तिनं स्वतःला म्हणून घेतलं. मुलं शांत, लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी तिला राहवलं नाही आणि तिनं तिसऱ्या बाकाकडे बघितलं. ऋजुता हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होती, चांगली विद्यार्थिनी ऐकते तशी. अजून वेळ होता. पुढे होऊन तेवढा एक पट्टा ओढून काढता आला असता. वृषालीच्या डोळ्यांसमोर ते चंचुपात्रावर वाकलेलं तोंड आलं आणि ती जागेवरून हलली नाही. घंटा झाली, हिरवे दिवे लागले.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी तिला आत जायची परवानगी नव्हती. ती व्हरांड्यात, जाळीच्या खिडकीशी उभी राहिली. आत परीक्षक होते, अधिकारी होते, कंपनीची दोन माणसं होती आणि चष्मे लावलेली मुलं होती. खूण झाली. मुलांनी आम्लाच्या बाटल्या उचलल्या आणि पात्रांत आम्ल घेतलं, अगदी एका तालात. मग सगळ्यांचे हात पाण्याकडे गेले.

ऋजुतानं पाण्याचं भांडं उचललं. ते आम्लाच्या पात्रावर आणलं. वृषालीनं खिडकीची जाळी घट्ट धरली.

भांडं वाकडं होता होता थांबलं. शेजारच्या मुलाचंही थांबलं. सगळ्या प्रयोगशाळेत हात जिथल्या तिथे थबकले. मग ऋजुतानं परीक्षकांकडे बघितलं.

"सर, असं करायचं का?"

"अगं, छे! खाली ठेव ते आधी," परीक्षक हबकून पुढे आले. "उलट करायचं. दुसरं पात्र घे. आधी पाणी, मग त्यात आम्ल, थेंब थेंब. कुणी शिकवलं तुम्हाला हे?"

"शेटेबाईंनी," ऋजुता म्हणाली. "पण त्या खोटं सांगतात."

मुलांनी नवी पात्रं घेतली, पाणी घेतलं आणि आम्ल थेंबाथेंबानं सोडलं. कुणाच्या अंगावर शिंतोडा उडाला नाही. व्हरांड्यात वृषाली भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरानं तोंड दाबून रडली. सुटल्यासारखं वाटत होतं आणि काहीतरी तुटल्यासारखंही वाटत होतं.

विचारल्याबद्दल सगळ्यांचे गुण कापले गेले. दळवी सर चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात ती पट्ट्यांशिवाय ग्रहांबद्दल बोलत होती आणि अचानक वर्गातून आरोळी आली, "पकडली, बाई!" कितीतरी महिन्यांनी आली. ती इतकी हरखली की खणातून डबी काढून तिनं त्या मुलाच्या हातावर बेदाणा ठेवलासुद्धा. मग तिच्या लक्षात आलं की तिनं नुसतं एवढंच म्हटलं होतं, चंद्र पृथ्वीभोवती फिरतो.

"तसाच फिरतो की रे," ती म्हणाली.

"पकडली, बाई," सगळा वर्ग म्हणाला. कुणी हसत नव्हतं. खेळ चालू आहे असं कुणाच्या चेहऱ्यावर दिसत नव्हतं.

शनिवारी इरफान आला तो पट्टे तपासायला बसलाच नाही. बॅगही त्यानं खांद्यावरून उतरवली नाही.

"बाई, पट्ट्यांत तासाची नोंद राहते, माहितीय ना तुम्हाला? कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसनं तुमचा सोमवारचा तास ऐकला."

"काढून टाकणार आहेत का मला?"

"तसं असतं तर बरं झालं असतं." त्याचा चेहरा उतरला होता. "खूश झालेत ते. आजवर त्यांना वाटायचं की पट्ट्यातून माहितीच बसते. नियम, सूत्रं, सनावळ्या. एखाद्या माणसाबद्दलचं मत बसतं आणि हातसुद्धा त्याचं ऐकतात, हे त्यांना तुमच्या वर्गामुळे कळलं. मूल्यशिक्षणाचा मजकूर यायचा होता ना, तो परत लिहायला घेतलाय."

"कुणाबद्दलचं मत?"

"ते मला कोण सांगणार?" इरफान म्हणाला. "वाचाल तुम्ही जूनमध्ये. सगळ्याच शाळांत वाचतील."

तो गेल्यावर तिनं प्रयोगशाळेला कुलूप लावलं.

घरातलं तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे हेच ती मानत नव्हती. भाजीत मीठ घातलंय म्हटलं तर ऋजुता चाखून बघायची. ते तर ती लहानपणापासून करायची. बाहेर ऊन आहे, टोपी घाल म्हटलं तर ती श्रीधरला विचारायची, "बाबा, ऊन आहे का?" आणि श्रीधर पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचा, "आई म्हणतीय न्हवं?" मग ती दारापर्यंत जाऊन स्वतः बघून यायची. वृषाली स्वतःला समजावत राहिली. अजून ताजं आहे. फाटकाच्या आतलं फाटकाबाहेर थोडं सांडतं, निघून जाईल.

मार्चमध्ये ऋजुताला ताप भरला. श्रीधर शीतगृहावर गेला होता. द्राक्षांचा हंगाम, त्याला जेवायलाही सवड नव्हती. दुपारी पोरीचं अंग चटके बसण्याइतकं तापलं. वृषाली गोळी आणि पाणी घेऊन तिच्याजवळ बसली.

"ही घे. तापाची आहे. घेतलीस की उतरेल."

ऋजुतानं गोळी हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि मूठ मिटून उशीवर डोकं टेकलं.

"घे ना गं."

"बाबा आल्यावर घेते."

"बाबा संध्याकाळी येणार. तोवर ताप चढेल." वृषालीनं पाकीट आणून दाखवलं, त्यावरची अक्षरं वाचून दाखवली. ऋजुता ऐकत होती. तिचे ओठ सुकले होते. मूठ उघडली नाही.

मग वृषालीनं श्रीधरला फोन लावला आणि फोन पोरीच्या कानाशी धरला. "घे बाळा, तापाची गोळी हाय ती," पलीकडून श्रीधर म्हणाला. ऋजुतानं लगेच गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि निवांत डोळे मिटले.

वृषाली कपाळावर पट्ट्या ठेवत बसली. ओल्या, सुती, साध्या पट्ट्या. तासाभरानं घाम फुटला, ताप उतरला आणि ऋजुतानं डोळे उघडले. तिच्या गालावरची ती जुनी खूण घामानं चमकत होती. चेहऱ्यावर दुसरा एकही डाग नव्हता. वृषालीला भरून आलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"ऋजू, मी वर्गात ते बोलले ना, ते तुझ्यासाठी बोलले गं. तुझ्या तोंडावर ॲसिड उडू नये म्हणून. तिथं मी बाई होते. इथं नाही. इथं मी तुझी आई आहे. तुझ्याशी मी कधी खोटं बोलणार नाही."

ऋजुता तिच्याकडे बघत होती, शांत, लक्ष देऊन, वर्गात बघायची तशी. मग ती हसली, अगदी लहानपणी हसायची तसं, आणि तिनं पांघरुणातून हात बाहेर काढून तळवा पुढे केला.

"पकडली, बाई," ती म्हणाली आणि बेदाण्याची वाट बघत तसाच हात धरून राहिली.